पेडगावकर आणि हापूसची पेटी

आमच्या मोबाइल गोल्फ लीगच्या मे २०२५ च्या स्पर्धेचा निकाल मी रविवारी रात्री ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. ज्या ग्रुपवर एका बर्डीला, म्हणजे ठरल्यापेक्षा एका कमी फटक्यात होल पूर्ण झाला तरी, वीस अंगठे पडतात, तिथे ही शांतता बरी नव्हे. मग वाशीच्या पोराने एकच शब्द टाकला: "पेडगाव." पुढे हसणारा चेहरासुद्धा नाही.

वेड पांघरून पेडगावला जाणारे आपल्याकडे नवीन नाहीत. एका तुकडीने पळ काढल्याचं सोंग केलं, बहादूरगडावरचे मोगल तिच्यामागे धावले आणि दुसऱ्या तुकडीने मागच्या मागे खजिना अन् घोडे नेले, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. गोल्फमध्ये या सोंगाला सँडबॅगिंग म्हणतात. आपण आहोत त्यापेक्षा कच्चे आहोत हे रँकिंगला पटवून द्यायचं, त्याची सवलत घ्यायची आणि बक्षिसाच्या दिवशी खरा खेळ बाहेर काढायचा. ब्रिटनमध्ये अशा गड्याला 'बँडिट' म्हणतात. आमच्याकडे त्या रात्रीपासून 'पेडगावकर' रूढ झालं. (खऱ्या पेडगावकरांनी राग मानू नये. फसले मोगल, नाव मात्र गावाचं झालं.)

हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण त्यात ज्यांच्याकडे बोट गेलं त्यांच्यापेक्षा माझ्या चुका जास्त होत्या.

आमची लीग छत्तीस जणांची. खारघर, बेलापूर, नेरूळ, वाशी आणि दोन-तीन ठाण्याचे. लॉकडाउनमध्ये मोबाइलवर गोल्फचा गेम सुरू झाला तो सुटलाच नाही. खारघरच्या डोंगराच्या कुशीत सिडकोचं खरं गोल्फ कोर्स आहे, पण आमच्यातले दोघेच तिथे खेळतात. बाकीच्यांनी ते कुंपणाबाहेरून पाहिलंय. मी ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि लीगची शीट माझ्याकडे असते, म्हणून सगळे मला 'कमिटी' म्हणतात. कमिटीत दुसरं कोणी नाही.

गोल्फचा हिशेब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अठरा होल, प्रत्येक होलला किती फटक्यांत चेंडू जायला हवा ते ठरलेलं, त्याला पार म्हणतात. आम्ही कायम एकाच कोर्सवर, एकाच टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) खेळतो आणि त्याचं पार ७२ आहे. जो साधारण ८१ फटके घेतो त्याचा हँडिकॅप ९, म्हणजे स्पर्धेत त्याच्या फटक्यांतून ९ वजा करायचे. उरतो तो नेट स्कोअर. त्यामुळे निवृत्त काका आणि कॉलेजचा पोरगा बरोबरीने खेळू शकतात. सगळी गोडी यात आहे आणि सगळी गोम पण यातच आहे: आज जितकं वाईट खेळाल तितकी उद्याची सवलत मोठी.

आमचा नियम साधा होता. शेवटच्या दहा राउंडची सरासरी म्हणजे हँडिकॅप. तो ६ किंवा कमी असेल तर 'अ' गट, जास्त असेल तर 'ब'. दोन्ही गटांत दर महिन्याला दोन राउंडची स्पर्धा, नेट स्कोअरवर. नियम मीच केला होता, शीटमध्ये एका सूत्रात बसतो म्हणून. त्याहून खोल विचार केला नव्हता.

बक्षिसात पैसा नाही, प्रवेश फी नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला, तेव्हा ग्रुपवर घबराट उडाली होती. पण जिथे कोणी दमडी लावतच नाही तिथे कसली घबराट! एरवी विजेत्याला मिळतो फिरता चषक आणि महिनाभर ग्रुपच्या डीपीवर त्याचा फोटो. मे महिन्याची गोष्ट मात्र वेगळी. आमचे एक शेठ वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये फळांचे व्यापारी आहेत. त्यांनी जाहीर केलं, "मे महिन्यात 'ब' गटाच्या विजेत्याला देवगड हापूसची पाच डझनांची पेटी, माझ्याकडून." 'ब' गटालाच का? कारण कच्च्यांना उत्तेजन हवं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पेटी गेली बेलापूरच्या साहेबांकडे. नाव लिहीत नाही. पन्नाशीचे, सरकारी नोकरीतले, ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकणारे. मार्चअखेर त्यांचा हँडिकॅप ४ होता, म्हणजे चांगले 'अ' गटातले. एप्रिलअखेर तो ९ झाला, ते 'ब' मध्ये उतरले. आणि स्पर्धेत पहिला राउंड पारच्या एक खाली, दुसरा एक वर. नऊ-नऊची सवलत धरून दोन राउंडचा नेट १८ खाली. दुसऱ्या क्रमांकाच्या शिक्षिकाबाई होत्या ५ खाली.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा. कोणाचा दिवस असतो. पण रात्री झोप येईना, शीट उघडून बसले. साहेबांचे एप्रिलचे दहा राउंड, पारच्या किती वर ते असे: ३, १२, ४, १४, ११, २, १३, १२, ५, १४. बेरीज ९०, सरासरी ९. शेजारी शिक्षिकाबाईंचे दहा राउंड लावले: ८, १०, ९, ७, ११, ९, ८, १०, ९, ९. बेरीज ९०, सरासरी ९.

माझ्या सूत्राला हे दोघे एकसारखे दिसत होते. डोळ्याला मात्र पहिल्या रांगेतलं भगदाड लगेच दिसतं. सहा ते दहा यांतला एकही आकडा त्यात नाही. ज्यांचा हँडिकॅप ९, ते ९ च्या आसपास महिन्याभरात एकदाही खेळलेले नाहीत. बाईंचे सर्वात चांगले चार राउंड काढले तर सरासरी येते ८. साहेबांच्या चांगल्या चारांची साडेतीन.

मग होलवार कार्डं काढली. प्रत्येक राउंडचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नियम आहे, त्यामुळे पुरावा घरातच होता. सहाही खराब राउंडमध्ये चौदाव्या होलपर्यंत सगळं आलबेल, पारच्या एक-दोन वर. पंधराव्यापासून अचानक हातपाय गळतात. सतरावा होल पाण्यावरून मारायचा आहे, पार ३. तिथे दोनदा नऊ फटके. एकदा तर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, हातभर अंतरावरून चार 'पट', म्हणजे चेंडू होलात ढकलायचे हलके फटके. या गेममध्ये हातभराचा पट चुकवायला मेहनत लागते, ताटातला घास नाकात घालण्याइतकी.

आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त महत्त्वाची होती. गेमच्या प्रोफाइलवर किती राउंड सुरू केले आणि किती पूर्ण केले, दोन्ही आकडे दिसतात. साहेबांनी पोस्ट केलेल्या राउंडच्या जवळपास तिप्पट राउंड सुरू झालेले होते. अर्धवट सोडलेल्यांत काय होतं ते कळायला मार्ग नाही. पण चांगला चाललेला राउंड बाराव्या होलवर सोडून दिला तर तो सरासरीत येतच नाही. मुद्दाम वाईट खेळण्यापेक्षा हे सोपं, आणि त्यात खोटं असं काहीच नाही. फक्त खरं थोडं कमी सांगायचं.

खऱ्या मैदानावर याला थोडा आळा असतो. तुमच्याबरोबर खेळणारा मार्कर असतो, तो तुमचे फटके मांडतो आणि कार्डावर सही करतो. हातभराचा पट तुम्ही तिसऱ्यांदा चुकवलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघतो. खारघरच्या कोर्सवर खेळणारे आमचे मित्र म्हणतात, ते बघणंच खरं औषध. मोबाइलवर गेमच मार्कर. तो फटके अचूक मोजतो, नियत मोजत नाही.

इथपर्यंत माझं बरोबर चाललं होतं. इथून पुढे मी घाण केली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता ठरवलं की एका माणसामागे लागण्यापेक्षा सगळ्यांना एकच चाळणी लावू. टेस्टरची खोड. महिन्याभरात ज्याची सरासरी पाच किंवा जास्तने चढली तो संशयित. चाळणीत दोन नावं अडकली. एक साहेब. दुसरे आमचे नेरूळचे काका, वय अडुसष्ट, सरासरी ८ वरून १३. मी दोघांना एकच मजकूर पाठवला, शब्द न बदलता: "आपल्या एप्रिलमधील स्कोअरमध्ये असाधारण वाढ आढळली आहे. कृपया खुलासा करावा."

साहेबांचं उत्तर आलं नाही. काकांचं आलं, रात्री साडेअकराला, आवाजी. "अगं, मोतीबिंदू पिकलाय माझा. वाऱ्याचा बाण कुठल्या दिशेला आहे तेच दिसत नाही. खुलासा कसला मागतेस? एवढी वर्षं खेळतोय तुमच्याबरोबर, एक फटका इकडचा तिकडे केला असेल तर सांग." आणि काका ग्रुपमधून बाहेर पडले.

मी मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. वाईट याचं की उत्तर माझ्याच शीटमध्ये होतं. काकांची सरासरी पाचने चढली होती, तसेच त्यांचे सर्वात चांगले चार राउंडही पाचने चढले होते, ७ वरून १२ वर. सगळा खेळच्या खेळ खाली घसरला होता, आजारी माणसाचा घसरतो तसा. साहेबांची सरासरी पाचने चढली, पण त्यांचे चांगले चार ३ वरून जेमतेम साडेतीनवर गेले होते. खरोखर खेळ बिघडलेल्याचा चांगला दिवसही बिघडतो. सोंग घेतलेल्याचा चांगला दिवस जिथल्या तिथे असतो. हे पाठवायच्या आधी पाहायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला, काका टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाले, "कमिटी आली वाटतं." माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, कळलं नाही. तीन आठवड्यांनी परत आले, तेही काकूंनी त्यांच्या फोनवरून लिंक दाबली म्हणून.

बैठक घ्यायचं ठरलं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. पंधराएक जण आले. साहेब येणार नाहीत असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते आले, हातात स्टीलचा मोठा डबा. उरलेले हापूस कापून आणले होते. आता काय करायचं? शेठनी पहिली फोड उचलली, मग सगळ्यांनीच. एवढा गोड पुरावा आम्ही दहा मिनिटांत संपवला.

पेटी परत मागावी का, यावर मग कोणी तोंड उघडणं शक्यच नव्हतं. पण साहेबांना लीगमधून काढा, निदान नाव घेऊन निषेध करा, असं म्हणणारे चार-पाच जण होते. वाशीचं पोरगं सगळ्यात पुढे. साहेब शांतपणे म्हणाले, "मी कुठला नियम मोडला ते दाखवा, मी आत्ता बाहेर पडतो." दाखवता येईना. गोल्फच्या जागतिक हँडिकॅप नियमांत, प्रत्येक होलवर शक्य तितका चांगला स्कोअर करायचा प्रयत्न करणं हे खेळाडूचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. आमच्या दीड पानाच्या नियमावलीत ते वाक्यच नव्हतं. आणि असतं तरी प्रयत्न केला की नाही हे सिद्ध कोणी करायचं?

बैठकीनंतर साहेब आणि मी सोसायटीच्या गेटबाहेरच्या टपरीवर उभे राहिलो. तिथे ते जे बोलले ते मला बैठकीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. "ताई, आंबे माझ्या मेव्हण्याकडूनच येतात रत्नागिरीहून. पेटीसाठी केलं नाही. दोन वर्षं 'अ' गटात आहे. माझ्यावर तुमचे ते आठ पोरटे, रात्रंदिवस खेळणारे. मी दर महिन्याला नववा नाहीतर दहावा. तेवढाच खेळ घेऊन खालच्या गटात गेलो तर पहिला. कधीतरी डीपीवर आपला फोटो असावा असं वाटलं." थोडं थांबून म्हणाले, "चुकलंच म्हणा."

माणूस खरं बोलत होता असं मला वाटलं. आमच्या रेघेच्या अलीकडे ४ हँडिकॅपवाल्याला काहीच मिळत नव्हतं आणि पलीकडे सगळं मिळत होतं. मग रेघ ओलांडणाऱ्याला नावं ठेवायची, पण रेघ मी आखली होती.

ठाण्याचे आमचे बुद्धिबळाचे सर हा प्रकार ओळखून होते. बुद्धिबळात १६०० च्या आतल्या रेटिंगवाल्यांसाठी वेगळ्या स्पर्धा भरतात, बक्षिसं चांगली असतात, आणि रेघेच्या किंचित खाली राहण्याचा मोह तिथेही असतो. मी उत्साहाने सुचवलं, आपण हँडिकॅप सोडून त्यांची ती ईलो पद्धत घेऊ. सर हसले. आर्पाद ईलोंचं गणित समोरचा किती तगडा आहे ते बघून गुण देतं. ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून दहास एक अशी अपेक्षा धरतं. पण मुद्दाम हरणाऱ्याचे गुण तेही इमानदारीत कमीच करतं. हरणं खरं की खोटं, हे त्यालाही कळत नाही. मग अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने काय केलं? खाली जायची सीमा बांधली. तुमचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग १९४० असेल, तर त्यातून २०० वजा करून खालचं शतक धरायचं, म्हणजे १७०० च्या खाली तुम्ही घसरूच शकत नाही, कितीही हरा.

मग मी गोल्फवाल्यांचं स्वतःचं घर नीट पाहिलं, जे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. २०२० पासून जगभर एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आहे, आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या गोल्फच्या नियामक संस्थांनी मिळून चालवलेली. त्याआधी सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. त्या सगळ्यांबद्दल मी बोलत नाही, पण आजची पद्धत साधी सरासरी धरत नाही: शेवटच्या २० राउंडपैकी सर्वात चांगल्या ८ ची सरासरी. यूएसजीएची जुनी पद्धत २० पैकी १० घेऊन वर ०.९६ ने गुणायची, म्हणजे चांगल्या खेळाडूला किंचित झुकतं माप. मुद्दा एकच. वाईट राउंड मोजायचेच नाहीत. जे मोजलंच जात नाही ते मुद्दाम कोण करेल?

आम्ही तेच प्रमाण घेतलं, दहापैकी चार. साहेब त्या क्षणी ९ वरून साडेतीनवर आले आणि 'अ' गटात परतले. बाई ९ च्या ८ झाल्या.

एका होलवरचं नुकसानही बांधलं. जागतिक पद्धतीत हँडिकॅपच्या हिशेबासाठी एका होलचा सर्वात वाईट स्कोअर म्हणजे पारपेक्षा दोन जास्तीचे फटके, अधिक त्या होलवर मिळणारी सवलत. त्याला नेट डबल बोगी म्हणतात. म्हणजे सतराव्यावर पाण्यात हवे तेवढे चेंडू बुडवा, ९ हँडिकॅपवाल्याचे तिथे पाच नाहीतर सहाच धरले जाणार. चढण्यालाही टोपी, म्हणजे मर्यादा, आहे: गेल्या वर्षभरातल्या तुमच्या सर्वात कमी हँडिकॅपपेक्षा ३ वर गेलात की पुढची वाढ निम्मीच धरायची, आणि त्या कमीत कमीपेक्षा ५ च्या वर काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही. आणि एखादा राउंड हँडिकॅपपेक्षा ७ ने चांगला झाला तर हँडिकॅप लगेच १ ने खाली, १० ने चांगला झाला तर २ ने. साहेबांचा मे महिना या कलमाला लावून पाहिला. पहिला राउंड दहाने चांगला, दुसरा आठने. एका स्पर्धेत तीन गुण खाली आले असते, कोणाला खुलासा न मागता.

अर्धवट राउंडचं कलम लिहिताना मी पुन्हा आपटणार होते. माझा मसुदा असा होता: राउंड सोडला तर शिक्षा म्हणून त्याचा स्कोअर पारच्या १५ वर धरायचा. कडक वाटतं ना? सरांनी वाचलं आणि विचारलं, "पेडगावकरांना एवढी भेट का देताय?" खरंच की! ज्याला हँडिकॅप चढवायचाय त्याला आता अठरा होल खेळायचेही कष्ट नकोत. सुरू करा, बंद करा, १५ जमा. ते उलटं केलं. सोडलेल्या राउंडचे उरलेले होल पारमध्ये पूर्ण झाले असं धरायचं. बाराव्या होलवर चांगला राउंड टाकून पळालात, तर तो चांगला राउंड म्हणूनच नोंदला जाईल. आणि कुठला राउंड मोजायचा ते खेळून झाल्यावर ठरवता येऊ नये, म्हणून सुरू करण्याआधी ग्रुपवर 'सुरू' लिहायचं. ते लिहिलं की तो राउंड हिशेबात.

सर्वात जास्त सुधारणा करणाऱ्याला बक्षीस द्या, ही सूचना तीन जणांनी केली. ऐकायला गोड, पण आधी मनसोक्त बिघडा आणि मग सुधारा असं सांगण्यासारखं. ती नाकारली.

रेघेचं काय करायचं यावर सर्वात जास्त भांडण झालं आणि ते आजही पूर्ण मिटलेलं नाही. सध्या असं आहे: एकदा 'अ' मध्ये गेलात की त्या वर्षात खाली यायचं नाही, आणि 'ब' चा विजेता पुढच्या महिन्यापासून आपोआप वर. पण वर गेलेल्याने कायम नववं-दहावंच राहायचं का, या साहेबांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून 'अ' गटात खालच्या निम्म्यांची वेगळी क्रमवारी ठेवली. डीपीवर आता दोन फोटो असतात, अर्धे अर्धे. दिसायला भयंकर दिसतं.

नव्या नियमांचा पहिला फटका बसला तो वाशीच्या पोराला, ज्याने 'पेडगाव' लिहिलं होतं. तो खेळतो लोकलमध्ये. वाशी सुटून गाडी खाडीपुलावर आली की मानखुर्दपर्यंत त्याचं नेटवर्क लडखडतं, स्विंगच्या ऐन मध्यावर गेम गोठतो आणि चेंडू झाडीत. त्याचे निम्मे राउंड असे बुडालेले, निम्मे झकास. जुन्या सरासरीत त्याचा हँडिकॅप १०. चांगले चार धरल्यावर साडेपाच. एका रात्रीत तो 'अ' गटात गेला, आणि आकड्यांवरून बघाल तर त्याची रांग हुबेहूब साहेबांसारखी, मधल्या भगदाडासकट. चाळणीत तोही अडकला असता. एप्रिलमध्ये वाचला तो एवढ्यासाठी की त्याचं नेटवर्क बारा महिने तसंच असतं, त्यामुळे सरासरी चढलीच नव्हती. त्याने मला विचारलं, "ताई, मी काय केलं?" काही नाही. आता तो घरी पोचल्यावर 'सुरू' लिहितो आणि लोकलमध्ये झोपतो.

बाकीच्यांची कुरकुर वेगळीच होती. चांगलेच राउंड मोजल्यामुळे सगळ्यांचे हँडिकॅप उतरले, आणि नेट शून्याच्या खाली जाणं दुर्मिळ झालं. "पूर्वी मी चार खाली खेळायचे, आता तीन वर, माझा खेळ बिघडला का?" असं विचारणारे फोन जून-जुलैभर येत होते. खेळ तोच आहे, फूटपट्टी बदलली, हे मी किती वेळा सांगितलं असेल! शेवटी शीटमध्ये जुना आकडाही एका रकान्यात ठेवला, फक्त बघायला. तो रकाना सगळे उघडून बघतात.

साहेब आहेत लीगमध्ये. सुविचार बंद झाले, खेळ चालू आहे. हँडिकॅप सव्वातीनच्या आसपास. जुलैत 'अ' च्या खालच्या क्रमवारीत पहिले आले आणि अर्ध्या डीपीवर झळकले. मोकळेपणाने अभिनंदन दोघांनीच केलं, त्यातली एक मी. त्यांच्या मागे 'पेडगावकर' अजून चालतं, समोर कोणी म्हणत नाही. हे मला थांबवता आलेलं नाही.

काकांचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. टोपीच्या नियमाने त्यांचा हँडिकॅप ११ धरला होता. खरे चांगले चार १२ सांगत होते, पण वर्षातला कमीत कमी ७, त्यावर ३, आणि उरलेल्या दोनाचा निम्मा. तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त "असू दे" म्हणाले. सप्टेंबरच्या स्पर्धेत त्यांना वाऱ्याचा बाण लख्ख दिसत होता. पहिलाच राउंड पारच्या एक वर. हँडिकॅपपेक्षा बरोबर दहाने चांगला, आणि शीटने आपोआप दोन कापले.

फोन दहा मिनिटांत आला.

"दिसत नव्हतं तेव्हा तू खुलासा मागितलास," काका म्हणाले, "आता दिसायला लागलं तर दोन कापतेस. मी नक्की कसं बघू ते एकदा लिहून दे."

मी म्हटलं, काका, नियम सगळ्यांना सारखा आहे. ते म्हणाले, "हो, खुलाशाचा मजकूर पण सारखाच होता." आणि फोन ठेवून त्यांनी ग्रुपवर 'सुरू' लिहिलं.